आभा कार्ड, ओटीपी आणि विमा कंपनी: तुमची फाईल कोणी वाचायची?



"आजी, आधार नंबर सांगा. फोनवर ओटीपी आलाय का? तो सांगा." एवढ्या बोलण्यात सध्या अनेकांचे आभा कार्ड निघते. ते कशासाठी आहे, त्याला काय जोडले जाणार आणि ते कोण वाचणार, हे काढणारा सांगत नाही आणि काढून घेणारा विचारत नाही. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या रुग्णांना मी "हे कार्ड कशाचे?" असे विचारतो, तेव्हा बरेचदा उत्तर येते, "पाच लाखांचे."

ते पाच लाखांचे नाही. ते तुमच्या आजारपणाच्या फाईलचे आहे.

या विषयावर दोन टोकाची मते कानावर येतात. एक जण म्हणतो, "हे सगळे आपल्यावर पाळत ठेवायचे धंदे. कार्डच काढू नका." दुसरा म्हणतो, "सगळे दवाखाने, लॅब आणि विमा कंपन्या एकदा जोडून टाका, म्हणजे कटकट मिटली." मला दोन्ही मान्य नाही. माझे म्हणणे असे आहे: तुमची फाईल एका डॉक्टरकडून दुसऱ्या डॉक्टरकडे गेलीच पाहिजे, आणि तीच फाईल विमा कंपनीला सरसकट उघडी असता कामा नये. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. त्या एकाच ओटीपीत किंवा एकाच सहीत उरकल्या, तर तुमच्या पैशांचे नुकसान होईलच, पण त्याआधी तुमच्या उपचारांचे होईल. ते कसे, ते सविस्तर सांगतो.

कार्डे दोन, कामे वेगळी

आधी गोंधळ दूर करू. आयुष्मान कार्ड हे पैशांचे कार्ड आहे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणि आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत मोफत मिळतात. त्यासाठी रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो.

आभा कार्डावर १४ अंकी क्रमांक असतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले, त्याचा हा भाग. यातून एक रुपयाही मिळत नाही. वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या तुमच्या नोंदी एका माणसाच्या आहेत, हे ओळखण्यासाठी हा क्रमांक आहे. माळेतल्या दोऱ्यासारखा. नोंदी दिल्लीतल्या एखाद्या मोठ्या कपाटात जमा होत नाहीत. जिथे तपासणी झाली तिथेच त्या राहतात आणि तुम्ही परवानगी दिली, तर दुसरीकडे दिसतात.

हे कार्ड ऐच्छिक आहे. कार्ड नाही म्हणून कोणी उपचार नाकारू शकत नाही. पण ऐच्छिक हा शब्द कागदावर राहतो. २०२१ मध्ये कोविडच्या लशीसाठी ज्यांनी आधार दिले, त्यांतल्या अनेकांना लशीच्या प्रमाणपत्रावर एक आरोग्य क्रमांक छापलेला दिसला. तो आपण कधी मागितला, हे त्यांना आठवत नव्हते, कारण त्यांनी तो मागितलाच नव्हता. या योजनेची सुरुवातच न विचारता झाली आणि तीच सवय पुढे चालू राहिली.

फाईल पुढे गेलीच पाहिजे

आता पहिल्या मतवाल्यांसाठी. "कार्डच नको" म्हणणे सोपे आहे, कारण ते म्हणणाऱ्याची फाईल बहुधा पुण्यातल्या एकाच डॉक्टरकडे नीट ठेवलेली असते. आपल्या भागातला रुग्ण चार ठिकाणी फिरतो. गावात आशाताई, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा भोरचे उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथे जमले नाही, तर कापूरहोळ किंवा नसरापूरवरून थेट पुण्याला, ससूनला किंवा खाजगीत. या चारही ठिकाणी वेगळा केसपेपर निघतो. त्यांना जोडणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे रुग्णाच्या हातातली कागदांची पिशवी.

ती पिशवी पावसात भिजते. एक्स-रे घडी घालून ठेवलेला असतो. रक्ताचा रिपोर्ट मुलाच्या मोबाईलवर असतो आणि मुलगा शिरवळला कंपनीत ड्यूटीवर असतो. रात्री दोन वाजता माणूस आणला, तर पिशवी घरीच राहिलेली असते.

याचे परिणाम साधे नाहीत. हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या ठरावीक काळ बंद करायच्या नसतात. बंद केल्या तर स्टेंट बुजू शकतो. पण डिस्चार्ज कार्ड नसेल, तर रुग्ण सांगतो, "एक पांढरी बारीक गोळी होती, ती संपली." पांढऱ्या बारीक गोळ्या शेकड्यांनी आहेत. एखाद्याला पेनिसिलिनची ॲलर्जी पूर्वी झाली असेल, तर ते पुढच्या डॉक्टरला इंजेक्शन देण्याआधी कळायला हवे. मूत्रपिंडाचा रिपोर्ट सहा महिन्यांपूर्वी कसा होता, हे माहीत असेल, तर आजचा बिघाड नवा की जुना हे लगेच समजते. माहीत नसेल, तर सगळ्या तपासण्या पुन्हा. त्याचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. भोरच्या डॉक्टरने लिहिलेले पुण्याच्या डॉक्टरला दिसले पाहिजे आणि पुण्यात काय केले ते वेल्ह्याच्या डॉक्टरला दिसले पाहिजे. हे काम कागदाच्या पिशवीवर सोडणे धोक्याचे आहे.

आराखडा चांगला, अंमलबजावणी घाईची

गंमत अशी की सरकारने आखलेली पद्धत या बाबतीत बरीच विचारपूर्वक केलेली आहे. एखाद्या रुग्णालयाला तुमच्या जुन्या नोंदी पाहायच्या असतील, तर त्याने विनंती पाठवायची. त्या विनंतीत पाच गोष्टी लिहिलेल्या असतात: कोण मागतो, कशासाठी मागतो, कोणत्या प्रकारच्या नोंदी (औषधांची चिठ्ठी, लॅबचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड वगैरे), कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या, आणि परवानगी किती दिवस चालेल. तुम्ही ती मोबाईलमधल्या ॲपवर मंजूर करायची, नाकारायची किंवा कमी करायची. दिलेली परवानगी नंतर मागेही घेता येते.

'कशासाठी' या रकान्यात उपचार हे कारण वेगळे आहे आणि बिल भागवणे हे कारण वेगळे. म्हणजे मी जे दोन वेगळ्या परवानग्यांचे म्हणतो आहे, ते या आराखड्यात आधीच आहे. त्यासाठी नवे काही शोधून काढायचे नाही. फक्त खिडकीवर ते पाळायचे आहे. तिथे मात्र रांग असते, किती कार्डे काढली याचा आकडा वर पाठवायचा असतो, आणि पाच प्रश्नांचे एकच वाक्य होते: "ओटीपी सांगा."

एक गोष्ट लक्षात ठेवा. परवानगी मागे घेतली, तर पुढचे दार बंद होते. पण कोणी आधीच जे वाचले, ते न वाचलेले होत नाही. म्हणून परवानगी देतानाच विचार करावा लागतो.

विमा कंपनीला पूर्ण फाईल का नको

डॉक्टर फाईल वाचतो ती पुढे काय करायचे हे ठरवण्यासाठी. विमा कंपनी वाचते ती पैसे द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी. एकाच ओळीचा दोन ठिकाणी वेगळा अर्थ होतो. "रुग्णाला सहा वर्षांपासून रक्तदाब आहे," ही ओळ मला सांगते की डोळे, मूत्रपिंड आणि हृदय तपासून घ्या. विमा कंपनीला तीच ओळ सांगते की पॉलिसी चार वर्षांपूर्वीची आहे, मग आजार आधीचा असून सांगितला नव्हता का?

यामागे नियम आहेत. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी काही काळ पैसे नाकारू शकते. १ एप्रिल २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षे आहे, पूर्वी चार होता. आणि पॉलिसी सलग पाच वर्षे चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय "आजार सांगितला नाही" या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. त्यामुळे "कधीपासून?" या साध्या प्रश्नाच्या उत्तरावर लाखो रुपये अवलंबून असतात. रुग्णालयात दाखल झालेल्या कोणालाही विचारा, कंपनीकडून पहिले पत्र हमखास तेच येते: रक्तदाब नेमका कधीपासून, शुगर कधीपासून, पहिल्या तपासणीचा कागद पाठवा.

याचा पुढचा परिणाम डॉक्टर म्हणून मला जास्त घाबरवतो. नातेवाईक हळूच येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, दारूचे लिहू नका हं, क्लेम अडकेल." "शुगर पाच वर्षांची आहे, पण दोन लिहा ना." म्हणजे फाईल विमा कंपनी वाचणार, हे माहीत झाले की फाईलमध्ये खरे लिहिले जात नाही. आज ही विनंती एका ॲडमिशनपुरती असते. उद्या प्रत्येक केसपेपर, प्रत्येक चिठ्ठी कंपनीला दिसू शकते, असे लोकांना वाटू लागले, तर काय होईल? रुग्ण पहिल्या दिवसापासून लपवू लागेल.

दारूचेच उदाहरण घ्या. रोज पिणारा माणूस ऑपरेशनसाठी दाखल झाला आणि दारू अचानक थांबली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, भ्रम, फिट येणे असे होऊ शकते. वेळेत ओळखले नाही, तर जीवही जाऊ शकतो. आधी माहीत असेल, तर आम्ही औषध देऊन ते टाळतो. नैराश्याच्या काही गोळ्या आणि वेदनाशामकांपैकी काही औषधे एकत्र चालत नाहीत. पूर्वीचा क्षयरोग, गर्भपात, एचआयव्ही हे सगळे डॉक्टरला कळणे गरजेचे असते आणि नेमके हेच माणसे आधी लपवतात. एचआयव्ही आणि मानसिक आजार या दोन्हींसाठी २०१७ साली झालेल्या कायद्यांनी गुप्तता बंधनकारक केली आहे, ती उगाच नाही. गुप्तता नसेल, तर रुग्ण दवाखान्यात येतच नाही.

म्हणून सांगतो, विमा कंपनीला सरसकट उघडी असलेली फाईल हळूहळू खोटी होत जाते. आणि खोटी फाईल भोरहून पुण्याला एका सेकंदात पोचली काय आणि न पोचली काय, रुग्णाचा फायदा शून्य.

त्यात चुकांची भर. रात्रीच्या ड्यूटीवरचा थकलेला ज्युनियर डॉक्टर घाईत "जुना मधुमेह" लिहून जातो, प्रत्यक्षात शुगर पहिल्यांदाच वाढलेली असते. कागदावरची ही चूक एका कपाटात राहते. जोडलेल्या यंत्रणेत ती चार ठिकाणी पोचते आणि प्रत्येक जण तिची नक्कल पुढे करतो. मग ती खोडून काढायला रुग्णानेच हेलपाटे घालायचे.

"लपवायचे काय आहे?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर सरळ आहे. विमा कंपनीपासून आजार लपवा, असे मी सांगत नाही. पॉलिसीचा अर्ज भरताना जे विचारले आहे, त्याचे खरे उत्तर द्या. रक्तदाब आहे, तर आहे म्हणा. एजंट म्हणेल, "लिहू नका, पॉलिसी अडकेल." त्याचे ऐकू नका. त्याला त्याचे कमिशन मिळते, दावा नाकारला की भोगता तुम्ही.

पण विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे वेगळे आणि घराच्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या देणे वेगळे. अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा दावा असेल, तर त्या ॲडमिशनचे कागद, सोनोग्राफी, बिल आणि डिस्चार्ज कार्ड पुरेसे आहे. दहा वर्षांपूर्वी सूनबाईने मानसोपचारतज्ज्ञाला दाखवले होते का, याच्याशी अपेंडिक्सचा संबंध नाही.

दुसरा मुद्दा बनावट दाव्यांचा. काही रुग्णालये आणि काही रुग्ण फसवतात, त्याचा भार सगळ्यांच्या हप्त्यावर पडतो, हे खरे आहे. ज्या दाव्याचा संशय असेल, त्या दाव्याची चौकशी कंपनीने जरूर करावी, ठरावीक कागद मागावेत. पण काही चोर आहेत म्हणून गावातल्या प्रत्येक घराची झडती घ्यायची नसते.

तिसरा मुद्दा वेगाचा. "माहिती जोडली तर कॅशलेस लवकर होईल." कॅशलेसची पूर्वपरवानगी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची मंजुरी तीन तासांत द्यावी, असे विमा नियामकाने मे २०२४ मध्येच कंपन्यांना सांगितले आहे. त्यासाठी त्या ॲडमिशनचे कागद नीट आणि एका साच्यात पोचले की झाले. तुमचा जन्मापासूनचा इतिहास लागत नाही.

आणि एक सही तर तुम्ही आधीच केलेली असते. पॉलिसीच्या अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात बहुधा एक घोषणा असते. तुमच्यावर कधीही उपचार केलेल्या कोणत्याही डॉक्टरकडून वा रुग्णालयाकडून माहिती घ्यायला तुमची संमती आहे, असा तिचा अर्थ असतो. कागदाच्या जमान्यात त्यासाठी कंपनीला माणूस पाठवावा लागे, त्याला भोरला यावे लागे, कपाट उघडायला लावावे लागे. खर्च होता म्हणून ती सही फारशी वापरली जात नव्हती. एका बटणावर माहिती मिळू लागली की त्याच सहीची ताकद कितीतरी पट वाढते. सही जुनीच राहते, पण तिचा अर्थ बदलतो आणि तुम्हाला पुन्हा कोणी विचारत नाही.

इतर देशांनी काय केले

हा वाद आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये सरकारने सगळ्या फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी एकत्र आणायची 'केअर डॉट डेटा' नावाची योजना आखली. घरोघरी पत्रके टाकली, पण लोकांना नीट समजावले नाही. त्याच सुमारास, सुमारे ४ कोटी ७० लाख रुग्णांच्या रुग्णालयातल्या नोंदी विम्याचे गणित मांडणाऱ्यांच्या एका संस्थेला पूर्वीच मिळाल्या होत्या, हे उघड झाले. लोक संतापले. फेब्रुवारी २०१४ मध्ये योजना थांबवावी लागली आणि २०१६ मध्ये ती बंदच झाली. डॉक्टरांना उपयोगी पडू शकणारी योजना विश्वास गेल्यामुळे बुडाली.

ऑस्ट्रेलियात प्रत्येक नागरिकाची डिजिटल आरोग्य फाईल आपोआप उघडायचे ठरले, तेव्हा सुमारे २५ लाख लोकांनी "आम्हाला नको" असे कळवले. तिथल्या संसदेने २०१८ मध्ये कायदा बदलला आणि ही फाईल विमा कंपन्यांना आणि नोकरी देणाऱ्यांना त्यांच्या कामासाठी वापरता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले. अमेरिकेसारख्या विम्यावर चालणाऱ्या देशातही नियम असा आहे की उपचारासाठी डॉक्टर डॉक्टरला पूर्ण माहिती देऊ शकतो, पण पैशांच्या कामासाठी गरजेपुरती किमान माहितीच द्यायची.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत दिली आहे. या कायद्यात चांगले बरेच आहे. संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि समजून दिलेली असली पाहिजे. कारणापुरतीच माहिती घ्यायची. चुकीची नोंद दुरुस्त करून मागायचा हक्क आहे. पण आधीच्या मसुद्यात आरोग्याची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी धरली होती, तो वर्ग अंतिम कायद्यात राहिला नाही. माहिती फुटली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्या माणसाला त्या कायद्यात भरपाई नाही.

आणि माहिती फुटते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातले इतके मोठे सरकारी रुग्णालय कित्येक दिवस हाताने केसपेपर लिहीत होते. २०२४ मध्ये स्टार हेल्थ या मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती टेलिग्रामवर मिळू लागली आणि आपल्यावर सायबर हल्ला झाल्याचे कंपनीने मान्य केले. जितक्या जास्त ठिकाणी फाईल, तितकी जास्त कुलपे सांभाळायची.

ओटीपी म्हणजे संमती नव्हे

आता आपल्या भागाकडे या. आधारला जोडलेला मोबाईल नंबर बहुतेक घरांत म्हाताऱ्या माणसाचा नसतो. तो मुलाचा असतो आणि मुलगा पुण्यात किंवा मुंबईत असतो. पानशेतच्या वरच्या वाड्यांत किंवा तोरण्याच्या पलीकडे रेंजसाठी टेकाडावर जावे लागते. ओटीपी मुलाच्या फोनवर येतो, तो फोनवर सुनेला सांगतो, सून खिडकीवर सांगते. या सगळ्यात ज्याची फाईल आहे, त्याला कोणी काही विचारले का?

शिवाय घरातही गुपिते असतात. सासूला न सांगता मूल न होण्याची तपासणी करून घेणारी बाई असते. व्यसनमुक्तीची गोळी चालू असलेला तरुण असतो. त्यांच्या परवानगीचा संदेश घरातल्या कर्त्या माणसाच्या फोनवर येणार असेल, तर विमा कंपनी पुढची गोष्ट, गुप्तता घरातच संपली.

आशाताईंवर राग काढू नका. त्यांना आकडे पूर्ण करायला सांगितले जाते. संप करतानाही त्यांनी ऑनलाइन कामांच्या सक्तीविरुद्ध आवाज उठवला आहे. चूक कार्डे मोजणाऱ्या पद्धतीची आहे. किती कार्डे निघाली हे मोजू नका. वेल्ह्याहून पुण्याला पाठवलेल्या किती रुग्णांची माहिती पुढच्या डॉक्टरला खरोखर वेळेत मिळाली, हे मोजा.

आणि खाजगी रुग्णालयांनीही आपल्याकडे पाहावे. "बिल भरल्याशिवाय फाईल मिळणार नाही," असे सांगणारी रुग्णालये आजही आहेत. दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवायच्या आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या, हा २००२ पासूनचा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. विमा कंपनीला त्याच दिवशी फाईल पाठवायची आणि रुग्णाला झेरॉक्ससाठी चार हेलपाटे मारायला लावायचे, ही पद्धत आधी बंद झाली पाहिजे.

काय व्हायला हवे

मागण्या अवघड नाहीत. एक, उपचारासाठी आणि विम्यासाठी परवानगी वेगळी, वेगळ्या वेळी आणि वेगळ्या कागदावर घ्यावी. दोन, विमा कंपनीला फक्त त्या दाव्याशी संबंधित नोंदी मिळाव्यात, तेही ठरावीक मुदतीसाठी. हे ऑस्ट्रेलियासारखे कायद्यातच लिहावे, कंपन्यांच्या मर्जीवर सोडू नये. तीन, परवानगीचा मजकूर मराठीत असावा आणि वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवावा. संमती मागताना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेचा पर्याय द्यावा, असे नवा कायदाच सांगतो आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. चार, माझी फाईल कोणी, कधी उघडली याची यादी मला दिसावी. एस्टोनियासारख्या लहान देशात नागरिकाला ती दिसते. पाच, डिजिटल नोंद झाली तरी कागदाची प्रत रुग्णाच्या हातात द्यावीच. रेंज गेली, वीज गेली किंवा एम्ससारखी यंत्रणा बंद पडली, तर तोच कागद जीव वाचवतो.

तुम्ही आजपासून काय करू शकता

ओटीपी सांगण्याआधी विचारा: हा कशासाठी? कार्ड काढण्यासाठी, नोंद जोडण्यासाठी की जुनी फाईल दुसऱ्याला दाखवण्यासाठी? दवाखान्यात क्यूआर कोड स्कॅन करून नंबर लावणे वेगळे आहे. त्यात नाव, वय, पत्ता, फोन अशी ओळखीची माहिती जाते, आजाराच्या नोंदी जात नाहीत. ते जरूर वापरा, रांग वाचते.

डॉक्टरने उपचारासाठी जुन्या नोंदी मागितल्या, तर द्या. त्याने तुमचाच फायदा आहे. विमा कंपनीकडून किंवा तिच्या वतीने मागणी आली, तर कोणत्या दाव्यासाठी आणि कोणत्या तारखांच्या नोंदी हव्यात, ते लेखी मागा आणि तेवढ्याच द्या.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी एक साधा कागद करा. नाव, रक्तगट, चालू औषधे, ॲलर्जी, झालेली ऑपरेशने आणि घरच्यांचा फोन. तो पाकिटात ठेवा, एक फोटो मोबाईलवर ठेवा. डिस्चार्ज झाल्यावर डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट मागून घ्या आणि घरी येऊन वाचा. आजार किती वर्षांपासून, व्यसन, ॲलर्जी या ओळींमध्ये काही चुकीचे असेल, तर त्याच आठवड्यात लेखी दुरुस्ती मागा.

आधीच आभा कार्ड निघाले असेल, तर घाबरू नका. ॲपमध्ये जाऊन कोणता मोबाईल नंबर जोडला आहे आणि कोणकोणत्या परवानग्या चालू आहेत ते पाहा. नको असलेल्या रद्द करा. कार्डच नको असेल, तर ते बंद करण्याची सोयही आहे.

आणि डॉक्टरपासून काही लपवू नका. तुम्ही मला सांगितलेले माझ्याकडेच राहील, असा विश्वास तुम्हाला वाटावा, म्हणूनच हा सगळा खटाटोप. हा विश्वास ओटीपीने तयार होत नाही. पण न विचारता घेतलेल्या एका ओटीपीने तो जाऊ मात्र शकतो. तेव्हा पुढच्या वेळी खिडकीवर कोणी घाई केली, तर तुम्ही करू नका. मागे रांग असली तरी विचारा: "माझी फाईल कोण वाचणार?" उत्तर मिळेपर्यंत ओटीपी स्वतःजवळ ठेवा.